सनद मिळाली, मैदान कोण देणार?

'पालकांना शाळा निवडू द्या, शाळांना सरकारी जाचातून मोकळे करा आणि बाजूला व्हा. शिक्षण आपोआप सुधारेल', हा मंत्र गेली तीन दशके अमेरिकेतून जगभर निर्यात होत आहे. आपल्याकडील शिक्षणविषयक परिसंवादांतून आणि वृत्तपत्रीय लेखांतूनही त्याचे पडसाद अधूनमधून ऐकू येतात. परंतु हा मंत्र ज्या देशात जन्मला, तेथे त्याचा अनुभव काय आला, याची चर्चा गुणांच्या तक्त्यांपलीकडे सहसा जात नाही. गणितात किती प्रगती झाली, वाचनात किती झाली, महाविद्यालयात किती मुले पोहोचली, याच आकड्यांवर समर्थक आणि विरोधक दोघेही हिरिरीने भांडत असतात. त्या शाळांतील मुलांना दुपारनंतर धावायला मैदान आहे काय, त्यांच्या शाळेचा संघ दुसऱ्या शाळेशी खेळतो काय, त्यांना वाद्यवृंदात बसून वाजवायला किंवा रंगमंचावर उभे राहायला मिळते काय, हे प्रश्न दोघांच्याही विषयपत्रिकेवर नसतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जी शाळा समाजाच्या पैशावर चालते, तिच्या विद्यार्थ्याला अन्य शाळांतील विद्यार्थ्यांबरोबर खेळण्याचा, गाण्याचा, नाटक करण्याचा हक्क असला पाहिजे. त्याची व्यवस्था लावणे ही शाळेला परवानगी देणाऱ्याची जबाबदारी ठरली पाहिजे. 'शाळा स्वायत्त आहे' म्हणून ती सोडून देता येणार नाही आणि 'शाळा आमची नाही' म्हणून ती झटकताही येणार नाही.

सनद म्हणजे काय?

अमेरिकेत 'चार्टर स्कूल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाळांना आपण सनदी शाळा म्हणू. खर्च सरकारी, शुल्क नाही, प्रवेश सर्वांना खुला आणि अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास सोडत, ही त्यांची चौकट. मात्र कारभार स्थानिक शिक्षण मंडळाकडे नसून स्वतंत्र विश्वस्तांकडे असतो. ठरावीक वर्षांसाठी सनद मिळते. ठरलेले उद्दिष्ट गाठले नाही तर ती रद्द होऊ शकते. गंमत अशी की, ज्या कल्पनेवर आज अमेरिकेतील शिक्षक संघटना तुटून पडतात, ती लोकप्रिय करणाऱ्यांत त्यांचेच एक नेते होते. रे बड या प्राध्यापकाने मांडलेल्या या कल्पनेला १९८८ साली शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी उचलून धरले. शिक्षकांना नवे प्रयोग करण्यास मोकळीक मिळावी, असा त्यांचा हेतू होता. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. पुढील तीस वर्षांत ही संख्या साडेसात हजारांच्या पुढे गेली आणि विद्यार्थिसंख्या सदतीस लाखांच्या घरात पोहोचली. अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांतील दर शंभरांपैकी सातांहून अधिक मुले आज या शाळांत शिकतात.

या शाळा बहुधा कशा सुरू होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा प्रश्न कळेल. अनेक शाळा पहिल्या वर्षी एकाच इयत्तेने आरंभ करतात आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवत नेतात. इमारतीसाठी स्वतंत्र निधी बऱ्याच राज्यांत अपुरा असतो. त्यामुळे कोणी चर्चचे तळघर भाड्याने घेते, कोणी बंद पडलेले दुकान, कोणी कार्यालयांच्या संकुलातील एक मजला. वर्ग भरतात, फळे लागतात, संगणकही येतात. मैदान येत नाही, सभागृह येत नाही. ऐंशी-शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेला वेगळा क्रीडाशिक्षक, संगीतशिक्षक आणि नाट्यशिक्षक नेमणे परवडत नाही. अकरा-अकरांच्या संघांत खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल घ्या, किंवा व्हायोलिनपासून तुतारीपर्यंत सर्व वाद्ये लागणारा वाद्यवृंद घ्या. एकेकट्या छोट्या शाळेला ते पेलणारे नसते.

मैदानाने जोडलेला समाज

अमेरिकन माणसाच्या आयुष्यात आंतरशालेय स्पर्धेचे स्थान किती मोठे आहे, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. तेथील लहान गावांत शुक्रवारची संध्याकाळ ही शाळेच्या फुटबॉल सामन्याची संध्याकाळ असते. वकील, सुतार, दुकानदार, निवृत्त आजोबा, सारे एका बाकावर बसतात. मध्यंतरात शाळेचे वाद्यपथक मैदानात उतरते. २०२३-२४ या वर्षात तेथील माध्यमिक शाळांच्या क्रीडास्पर्धांतील सहभागांची नोंद ८० लाखांच्या वर होती. हा डोलारा सरकारी फतव्याने उभा राहिलेला नाही. तो माणसांनी संघटन करून उभारला आहे.

१९०३ साली न्यूयॉर्क शहरात ल्यूथर गुलिक यांनी सार्वजनिक शाळांची क्रीडा संघटना स्थापन केली. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याला १८९१ मध्ये नवा खेळ शोधण्याचे काम सोपविणारे ते हेच गुलिक. आरंभी ही संघटना दानशूर नागरिकांच्या पैशावर चालत असे. तिची एक योजना आजही विचार करायला लावणारी आहे. गुलिक यांनी केवळ अव्वल धावपटूंच्या शर्यती ठेवल्या नाहीत. त्यांनी संपूर्ण वर्गाची सरासरी मोजणारी स्पर्धा सुरू केली. वर्गातील बहुतेक मुले उतरल्याखेरीज वर्गाची नोंदच होत नसे. साहजिकच वेगवान मुलगा मंद मुलाला पळायला शिकवू लागला. १९०५ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र शाखा निघाली. स्थलांतरितांनी गजबजलेल्या, गल्लीगल्लीत भाषा बदलणाऱ्या त्या शहरात मुलांना एकमेकांच्या शाळा प्रथम मैदानावर ओळखीच्या झाल्या.

टेक्सासचे उदाहरण आणखी बोलके आहे. तेथे १९१० साली राज्य विद्यापीठाने आंतरशालेय वादविवादाची संघटना काढली. पुढे तिच्यात क्रीडासंघटना विलीन झाली आणि आज 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' या एकाच छत्राखाली खेळ, संगीत, वक्तृत्व आणि एकांकिका यांच्या स्पर्धा होतात. पटसंख्येनुसार शाळांचे गट पाडलेले असल्याने चार हजारांची शाळा शंभरांच्या शाळेला चिरडत नाही.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातील दहा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६१ मध्ये 'द अडोलसंट सोसायटी' हा ग्रंथ लिहिला. त्यांचे एक निरीक्षण सनदी शाळांच्या चालकांनी भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. परीक्षेत पहिला येणारा मुलगा इतरांना मागे टाकून पहिला येतो. त्यामुळे वर्गमित्रांच्या मनात त्याच्याविषयी अढी निर्माण होते. उलट शाळेसाठी खेळणारा मुलगा जिंकतो तेव्हा सारी शाळा जिंकते आणि सारी शाळा त्याला डोक्यावर घेते. यावरून कोलमन यांनी खेळ बंद करा असा निष्कर्ष काढला नाही. विद्येच्या क्षेत्रातही आंतरशालेय स्पर्धा आणा, म्हणजे हुशार विद्यार्थ्याचे यशही सर्वांचे होईल, असे त्यांनी सुचविले. 'मी' पासून 'आम्ही' पर्यंतचा प्रवास घडविणारी ही यंत्रणा आहे. ती काढून घेतली की मागे उरतो तो केवळ गुणपत्रिका सांभाळणारा एकटा विद्यार्थी.

गाठ कोठे बसली?

ही सारी रचना एका गृहीतावर उभी होती: प्रत्येक वस्तीची एक शाळा आणि प्रत्येक मुलाची एक वस्ती. मूल कोणत्या शाळेकडून खेळणार, हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरत असे. सनदी शाळेला अशी हद्द नसते. शहराच्या कोणत्याही भागातून मूल येऊ शकते. त्यामुळे जुन्या शाळांच्या प्रशिक्षकांना भय वाटते की, या शाळा चांगले खेळाडू वेचून नेतील. म्हणून शाळा बदलणाऱ्या खेळाडूस काही काळ बाहेर बसविण्याचे नियम, स्वतंत्र गट, स्वतंत्र बाद फेऱ्या अशी कुंपणे उभी राहतात. लुईझियाना राज्याच्या क्रीडासंघटनेने २०१३ मध्ये 'निवडक' आणि 'बिगरनिवडक' शाळांच्या फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या केल्या आणि २०२२ मध्ये 'निवडक' शब्दाची व्याख्या ताणून सनदी शाळाही त्यात घातल्या.

हे भय सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. फिलाडेल्फियातील इम्होटेप ही सनदी शाळा बास्केटबॉलमध्ये राज्यात दबदबा राखून आहे आणि २०१५ मध्ये फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद मिळविणारी ती त्या शहराच्या सार्वजनिक साखळीतील पहिली शाळा ठरली. न्यू ऑर्लिन्समधील एडना कार शाळेने २०१६ ते २०१९ अशी सलग चार वर्षे राज्य अजिंक्यपद राखले. पण अशा मूठभर बलाढ्य शाळांकडे बोट दाखवून शेकडो छोट्या शाळांच्या मुलांना बाहेर ठेवणे, हा कोणता न्याय? ज्या शाळेला पाच खेळाडू जमविताना नाकी नऊ येतात, तिच्यावर खेळाडू पळविल्याचा आरोप करणे हास्यास्पद आहे.

काही राज्यांनी कायद्याने मधला मार्ग काढला. पेनसिल्व्हेनियाच्या १९९७ च्या कायद्यानुसार, सनदी शाळेत एखादा उपक्रम नसेल, तर त्या विद्यार्थ्याला निवासी क्षेत्राच्या शाळांतील तो उपक्रम नाकारता येत नाही. फ्लोरिडातही तशीच तरतूद आहे. घरी राहून शिकणाऱ्या मुलांना त्या राज्याने १९९६ मध्येच हे दार उघडले होते आणि पुढे गाजलेला फुटबॉलपटू टिम टीबो त्याच दारातून आत आला. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु कागदावरील हक्क आणि मैदानावरील पाऊल यांत अंतर असते. बऱ्याच सनदी शाळांचा दिवस मोठा असतो. त्यांची शेवटची घंटा होण्याआधी शेजारच्या शाळेचा सराव सुरू झालेला असतो. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोहोचवायला बस नसते. आईवडील दोघेही कामावर असतील तर मुलाने जायचे कसे? शिवाय ते मूल खेळते परक्या शाळेच्या गणवेशात. त्याच्या विजयाचा आनंद त्याच्या वर्गमित्रांपर्यंत पोहोचतच नाही. कोलमन यांनी ज्याला महत्त्व दिले, नेमके तेच येथे निसटते.

पळवाटा दोन्हीकडच्या

सनदी शाळांच्या कैवाऱ्यांची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर असे की, आमच्याकडे येणारी मुले अभ्यासात दोन-दोन वर्षे मागे असतात. आधी त्यांना वाचायला शिकवू, खेळ नंतर. ऐकायला हे कळकळीचे वाटते. पण हेच गृहस्थ आपल्या मुलांना ज्या महागड्या खाजगी शाळांत घालतात, तेथे पोहण्याचे तलाव, टेनिसची मैदाने आणि नाट्यगृहे असतात. श्रीमंताच्या मुलाला मैदान हे शिक्षण आणि गरिबाच्या मुलाला मात्र ती चैन, हा न्याय कोणी ठरविला? रॉबर्ट पुटनम यांनी २०१५ च्या 'अवर किड्स' या ग्रंथात नेमके हेच दाखविले आहे. शाळांनी खेळांसाठी शुल्क आकारायला सुरुवात केली आणि गरीब घरांतील मुले अभ्यासेतर उपक्रमांतून गळू लागली. चिकाटी, सहकार्य, नेतृत्व हे गुण पूर्वी सार्वजनिक शाळा सर्वांना फुकट देत असे; आता त्यांची किंमत मोजावी लागते.

दुसरे उत्तर त्याहून निर्दय आहे: 'पालकांनी शाळा स्वतः निवडली आहे, मैदान हवे असेल तर दुसरी निवडावी.' निवडीच्या या तत्त्वज्ञानात पालक हा गिऱ्हाईक आणि शाळा हे दुकान. पण ज्या आईने घराजवळची शाळा बिघडली म्हणून सोडतीत चिठ्ठी टाकली, तिच्यापुढे पर्याय कोणते होते? मुलाला सुरक्षित वर्ग हवा की सुरक्षित मैदान, असा पेच तिच्यापुढे टाकायचा आणि वर त्याला स्वातंत्र्य म्हणायचे, ही शुद्ध थट्टा आहे. दुकान बदलता येते. वयाची तेरा ते अठरा ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

प्रस्थापितांची बाजूही तितकीच लंगडी आहे. शिक्षण मंडळे आणि जुन्या क्रीडासंघटना म्हणतात, 'या शाळा आमचा निधी नेतात, मग आमची मैदाने त्यांना का द्यावीत?' ती मैदाने मंडळाची खाजगी मालमत्ता आहे काय? ती ज्या करातून उभी राहिली, तो कर सनदी शाळेतील मुलाचे आईबापही भरतात. शाळेच्या कारभाराविषयी मतभेद असतील तर ते विधिमंडळात मांडावेत, निवडणुकीत मांडावेत. बारा वर्षांच्या मुलीला धावपट्टीवरून हाकलून ते मिटत नाहीत. मोठ्यांच्या भांडणात मुलांना ओलीस धरण्याचाच हा प्रकार आहे.

आणि हे दुखणे केवळ सनदी शाळांपुरते नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठमोठ्या माध्यमिक शाळा मोडून त्यांच्या जागी अनेक छोट्या सरकारी शाळा काढण्यात आल्या, तेव्हाही तेच झाले. मुख्यत्वे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले असलेल्या त्या छोट्या शाळांच्या वाट्याला संघ आले नाहीत. या अन्यायाविरुद्ध २०१८ मध्ये दावा दाखल करावा लागला. शंभर वर्षांपूर्वी गुलिक यांनी जेथे आंतरशालेय खेळांचा पाया घातला, त्याच शहरात मुलांना खेळण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

ज्यांनी करून दाखविले

'हे सारे व्यवहारात कसे जमणार?' असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी उत्तरे तयार आहेत. इच्छा तेवढी हवी.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये सार्वजनिक शाळांतील जवळजवळ निम्मी मुले सनदी शाळांत आहेत. तेथे २०१२ मध्ये शहरस्तरीय क्रीडासंघटना स्थापन झाली. मंडळाच्या शाळा, सनदी शाळा आणि खाजगी शाळा यांच्या आपापल्या साखळ्या कायम ठेवून सर्वांसाठी एक सामाईक अजिंक्यपद स्पर्धा सुरू करण्यात आली. मंडळाच्या शाळांचा थँक्सगिव्हिंगच्या दिवशीचा पारंपरिक अंतिम सामनाही टिकला. कोणाची परंपरा मोडली नाही आणि कोणाचे मूल बाहेर राहिले नाही. ॲरिझोनात कॅनियन ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना छोट्या, खाजगी आणि सनदी शाळांच्या स्पर्धा भरविते. मिनेसोटात दोन-तीन शाळा मिळून एक संयुक्त संघ उतरवू शकतात. तेथील राज्य संघटनेच्या कक्षेत खेळांबरोबरच वादविवाद, वक्तृत्व, संगीत, दृश्यकला आणि एकांकिकाही येतात.

छोट्या शाळेसाठी खेळच छोटा करण्याची युक्तीही जुनी आहे. १९३४ साली, मंदीच्या काळात, नेब्रास्कातील स्टीफन एपलर या शिक्षकाने सहा खेळाडूंचा फुटबॉल तयार केला, कारण त्याच्या भागातील गावशाळांना अकरा मुले जमत नव्हती. टेक्सासमधील छोट्या शाळा आजही तो खेळतात. साधनांची टंचाई हे हात बांधून बसण्याचे कारण होऊ शकत नाही, हे एका शिक्षकाने नव्वद वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे.

कलेच्या क्षेत्रात न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ऑगस्ट २००५ मधील कत्रिना वादळानंतर त्या शहराची शाळाव्यवस्था जवळपास पूर्णपणे सनदी झाली. २०१९ पर्यंत तेथील शिक्षण मंडळ स्वतः एकही शाळा चालवीत नव्हते. २०२४ मध्ये त्याने पुन्हा एक शाळा उघडली. हे शहर वाद्यपथकांचे. मार्डी ग्राच्या मिरवणुकीत शाळेच्या पथकातून वाजविणे हे तेथील मुलाचे स्वप्न असते आणि जाझ परंपरेतील कित्येक वादक अशा पथकांतूनच घडले. शाळा बंद झाल्या, विलीन झाल्या, चालक बदलले. प्रत्येक बदलात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले पथक पणाला लागले. अशा वेळी २००७ मध्ये रीबर्थ ब्रास बँडचा ढोलवादक डेरिक टॅब याने 'रूट्स ऑफ म्युझिक' हा उपक्रम सुरू केला. नऊ ते चौदा वयोगटातील, अनेक शाळांतून येणारी मुले शाळा सुटल्यावर एकत्र जमतात. त्यांना वाद्ये आणि शिक्षण विनामूल्य मिळते. अभ्यासात मदत, जेवण आणि ने-आण यांचीही सोय होते. मुलांसमोरच्या खऱ्या अडचणी त्या वादकाने ओळखल्या. सुराइतकीच बसही महत्त्वाची, हे त्याला कळले. शिक्षणतज्ज्ञांच्या समित्यांना ते कळायला अजून अवकाश आहे.

या उदाहरणांतून कार्यक्रम स्पष्ट होतो. सनद देतानाच आंतरशालेय क्रीडा आणि कला यांची लेखी योजना मागावी; नूतनीकरणाच्या वेळी गुणांबरोबर तिचाही हिशेब घ्यावा. आठ-दहा शाळांच्या गटासाठी एक पूर्णवेळ समन्वयक असावा. मैदाने, पंच, विमा, बस आणि वाद्यांचे भांडार सामाईक असावे. पटसंख्येनुसार गट पाडावेत, म्हणजे बलाढ्यांचे भय छोट्यांच्या मुळावर येणार नाही. शाळा बदलण्याचे नियम सर्व प्रकारच्या शाळांना सारखे असावेत. शाळेची सनद रद्द झाली, तरी तिच्या खेळाडूला आणि वादकाला दुसऱ्याच दिवशी नव्या शाळेतून उतरता यावे. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही; प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे घडलेली आहे.

आपल्या अंगणात

टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. शाळा निवडताना आपली मंडळी गणिताचा क्रमांक बारकाईने पाहतात. मैदानाची चौकशी करणारा विरळा. त्यांना मुंबईचेच एक उदाहरण आठवून द्यावेसे वाटते. सचिन तेंडुलकरला वांद्र्याची आपली शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात जावे लागले, कारण तेथे आंतरशालेय स्पर्धांत उतरणारा क्रिकेटचा संघ होता. त्यामागे रमाकांत आचरेकर सरांची दृष्टी होती. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत त्याने आणि विनोद कांबळीने केलेली ६६४ धावांची अभंग भागी त्या व्यवस्थेची देणगी आहे. शील्ड नसती, तर भागी कोठे झाली असती? आणि ज्यांच्या पालकांना शाळा बदलणे शक्य झाले नाही, असे किती गुणी हात बॅट न धरताच राहिले, याची गणती कोणी केली आहे?

नाटकाचेही तेच. १९६३ पासून पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक भरवीत आली. महाविद्यालये आपापल्या जागी होती. त्यांना एका रंगमंचावर आणण्याचे काम कार्यकर्त्यांच्या एका संस्थेने केले आणि मराठी रंगभूमीला नटांच्या, लेखकांच्या पिढ्या मिळाल्या.

म्हणून आपल्या धोरणकर्त्यांना सावध करणे अगत्याचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दत्तक शाळा योजना आणली. त्याच सुमारास कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. उद्योगसमूहांनी शाळांना हातभार लावण्यास आमचा विरोध नाही. पण दत्तक घेणारा भिंती रंगवील, संगणक देईल, फलक लावील. तालुक्याच्या स्पर्धेला मुले नेण्यासाठी गाडी कोण देणार, हे करारात लिहिलेले असते काय? शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण नमूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलांची कल्पना पुढे नेली आहे. परिसरातील शाळांनी साधने आणि कला-क्रीडा शिक्षक वाटून घ्यावेत, हा तिचा गाभा आहे. कायदा आहे, धोरण आहे. त्यांना हात-पाय देणारे संघटन हवे.

अमेरिकेने शाळांना सनद दिली आणि मैदानाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडला. परिणामी, एका पिढीतील असंख्य मुलांनी आपल्या शाळेच्या नावाचा जयघोष कधी ऐकलाच नाही. आपल्या गावात उद्या कोणी नव्या धाटणीची शाळा घेऊन आला, तर वाचकांनी त्याला निकालाची टक्केवारी अवश्य विचारावी. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: आमची मुले कोणाबरोबर खेळणार आणि कोणापुढे गाणार? या प्रश्नाचे लेखी उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती शाळा सोपवू नये.